उजव्या खिडकीतली यादी

कोणी माझ्यासमोर लिनक्सचं कौतुक करायला लागलं की अजूनही माझं डोकं फिरतं. लिनक्सने माझं काही वाकडं केलं नाही, हे मला कळतं. वाकडं मी केलं, आणि ते एका माणसाचं केलं. तो साडेतीन तास खाडीच्या तोंडाबाहेर पाण्यात होता आणि त्याला कोणीही शोधत नव्हतं, कारण मी पाठवलेली यादी पोचलीच नव्हती. लोक म्हणतात, जाऊ द्या हो, वाचला ना तो? वाचला. म्हणून मी गप्प बसावं असं त्यात काही नाही. राग आहे तो सांगूनच टाकतो, आधी दुसऱ्यांवरचा आणि मग माझ्यावरचा.

रेवदंड्याच्या खाडीलगतच्या एका गावातल्या मच्छीमार सोसायटीत मी गेली बावीस वर्षं कारकून आहे. बोट समुद्रात निघण्याआधी तिच्यावर कोण कोण आहे याची यादी करायची आणि ती वरच्या ऑफिसला पाठवायची, हे माझं मुख्य काम. नाव, वय, फोन, ओळखपत्राचा नंबर. बोटीला काही झालं तर वरचे लोक ती यादी उघडतात आणि जेवढी नावं तेवढी माणसं शोधतात. नाव नसेल तर माणूस नाही. एवढं साधं आहे ते, आणि एवढं भयंकर.

पूर्वी याद्या ईमेलने जायच्या. मग कुठून कोण जाणे, खलाशांचे नंबर बाहेर फुटले आणि भर समुद्रात त्यांना 'तुमचं कार्ड बंद होणार आहे' असे फोन यायला लागले. तेव्हा वरून हुकूम आला की याद्या सुरक्षित मार्गानेच पाठवायच्या. त्यासाठी विंडोजवर एक छान प्रोग्राम होता. डावीकडच्या खिडकीत आपला संगणक, उजवीकडच्या खिडकीत त्यांचा. डावीकडून फाईल उचलायची, उजवीकडे नेऊन सोडायची. मध्ये कोणी वाचू शकत नाही. पाच वर्षं मी त्याच्यावर हात बसवला होता. डोळे मिटून याद्या पाठवायचो म्हणा ना.

मग पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत वरून दुसरं पत्र आलं. जुन्या विंडोजवरून जोडणी यापुढे चालणार नाही. आणि आमच्या संगणकाच्या अंगात नवं विंडोज पेलण्याची ताकद नव्हती. नवा संगणक घ्या, असं मी मीटिंगमध्ये स्वच्छ सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "नवा कशाला? आमची सून बघंल की. ती त्याच्यातलीच हाय."

अध्यक्षांची सून पनवेलची. कुठल्याशा कंपनीचं काम घरी बसून करते. पहिल्या दिवशी ती आली तीच कानात ते इअरफोनचं बोंडूक घालून. माझ्या खुर्चीत बसली, मला विचारलंही नाही. दहा मिनिटं खटाखट काहीतरी केलं आणि म्हणाली, "काका, मशीन चांगलंय. आपण लिनक्स टाकू. फ्री आहे, सेफ आहे, आणि याच्यावर पळेल."

"आणि माझा प्रोग्राम?"

"तो लिनक्सवर नाही येत. पण ऑप्शन्स भरपूर आहेत."

भरपूर आहेत म्हणे. बाजारात ताज्या मांदेलीची पाटी दाखवावी तशी तिने मला ती ऑप्शन्स दाखवली. पहिलं म्हणजे काळा पडदा. त्यात एक ओळ टाईप करायची आणि एंटर मारायचा. एक अक्षर चुकलं की इंग्रजीत अंगावर येतो. मी म्हटलं, मला बोट चालवणाऱ्या तांडेलाचे फोन घेता घेता हे जमणार नाही. दुसरं, माझा जुनाच प्रोग्राम कसल्याशा आवरणात घालून लिनक्सवर चालवायचा. तो चालायचा, पण अर्धी बटणं दिसायचीच नाहीत आणि दोनदा यादी जाता जाता मध्येच बंद पडला. तिसरं, साधं फोल्डर उघडावं तसं त्यांचं मशीन उघडायचं. हे सोपं होतं, सूनबाईला तेच पसंत होतं. पण त्यात दोन खिडक्या नव्हत्या. फाईल टाकली की ती गेली म्हणे. कुठे गेली ते मला समोर दिसलं पाहिजे, नुसतं 'गेली' म्हणून मी झोपू शकत नाही, असं मी तिला सुनावलं.

चौथा प्रोग्राम दोन खिडक्यांचा होता. तो मी पाहिला आणि हट्टच धरला. डावी आपली, उजवी त्यांची, अगदी जुन्यासारखा. ती म्हणाली, "काका, हा ठीक आहे, पण याचं सेटिंग नीट करावं लागेल. मी बसते तुमच्याबरोबर एक दिवस."

"बावीस वर्षं आम्ही इथे काय गवत उपटत होतो?" असं मी म्हणालो. हे शब्द मी पुढे बऱ्याचदा आठवले आहेत आणि दरवेळी लाज वाटली आहे. त्या दिवशी मात्र बरं वाटलं होतं. तिचा चेहरा उतरला, ते पाहून तर फारच बरं वाटलं.

आणखी एक गोष्ट मी तिच्याकडून करून घेतली. माझं मशीन बदलताय ना, मग निदान ते माझ्या भाषेत बोलू द्या, असं म्हणालो. तिने सगळं मराठीत करून दिलं. बटणं मराठीत, सूचना मराठीत. अध्यक्षांना फार कौतुक वाटलं, त्यांनी त्याचा फोटो काढून गावातल्या सगळ्यांना पाठवला. माझंही नाक तेव्हा वर होतं.

नारळी पौर्णिमा झाली, बोटी निघायला लागल्या. आता आमच्याकडची रीत सांगायला हवी, कारण सगळी गोम तिथे आहे. कागदावर कितीही याद्या करा, बोट सुटताना धक्क्यावर माणूस बदलतोच. कोणाला ताप आलेला असतो, कोणाच्या घरी पाहुणा आलेला असतो, कोणी रात्रीची उतरली नाही म्हणून राहतो. त्याच्या जागी भाऊ चढतो, मेहुणा चढतो, नाहीतर शेजारच्या बंद बोटीवरचा खलाशी डबा घेऊन उभाच असतो तो चढतो. मग तांडेल मला फोन करतो आणि मी सुधारलेली यादी फाईलला तेच नाव ठेवून पुन्हा पाठवतो. विंडोजवर अशा वेळी इंग्रजीत काहीतरी विचारायचं, मी 'येस' दाबायचो. पाच वर्षं येस, येस, येस. काय विचारतंय ते एकदाही वाचलं नाही.

हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात एका बोटीवरचा माणूस बदलला. मी सुधारलेली यादी उजव्या खिडकीत नेऊन सोडली आणि पडद्यावर मराठीत प्रश्न आला. वर बोटीचं नाव आणि फेरीची तारीख, खाली सवाल: ही यादी तिथे आधीच आहे. आधीची पुसून टाकायची का?

माझा हात थांबला. माझे वडील तांडेल होते. त्यांच्या वहीत बोटीवरच्या माणसांची नावं असायची. कोणी आला नाही तर नावापुढे ठिपका द्यायचे, पण नाव कधी खोडायचे नाहीत. समुद्रावर माणूस असताना त्याचं नाव खोडायचं नसतं, पुसायचं नसतं, आमच्यात कोणीच हे करत नाही. सोसायटीच्या जुन्या रजिस्टरातही ठिपकेच आहेत. रेघ मारायची ती एकदाच, आणि ती घरच्यांना विचारून. मी शिकलेला माणूस, असल्या गोष्टींवर चारचौघांत हसतो. पण त्या यादीत सहा माणसं होती, त्यातली पाच त्या घडीला पाण्यावर होती, आणि हे यंत्र मला शुद्ध मराठीत विचारत होतं, पुसून टाकू का? मला घाम फुटला. खोटं कशाला सांगू?

खाली दुसरं बटण होतं, 'आधीची राहू द्या'. ते मी दाबलं. माझी समजूत अशी की आधीची राहील आणि नवी तिच्या शेजारी जाऊन बसेल, रजिस्टरात ठिपक्याखाली नवं नाव बसतं तशी. आणि त्याच्याखाली एक बारीक चौकोन होता, 'नेहमी असेच करा'. रोज सकाळी हा अभद्र प्रश्न मला कोण विचारणार? मी चौकोनात खूण केली. प्रश्न पुन्हा आला नाही. उजव्या खिडकीत बोटीच्या त्या फेरीची फाईल दिसत होती, ती पाहून मी खूश. तिची वेळ कितीची आहे, हे बघावंसंही वाटलं नाही.

प्रोग्रामच्या भाषेत त्याचा अर्थ असा होता की तिथे यादी असेल तर नवी पाठवूच नका. पुढचे दोन महिने माझ्या सुधारलेल्या सगळ्या याद्या डावीकडून उचलल्या जात होत्या आणि कुठेच जात नव्हत्या.

दिवाळीच्या आधीची एक सकाळ. आमच्या गावच्या एका बोटीची सात जणांची यादी मी आदल्या संध्याकाळी पाठवली होती. उजाडता उजाडता तांडेलाचा फोन आला. "एक मानूस वाढलाय. त्याची बोट इंजिनाच्या कामाला उभी हाय, म्हनून आमच्यासंगं येतोय. लिवून घ्या." मी आठवं नाव लिहिलं. हा आठवा चाळिशीचा, अबोल, आमच्याच आळीच्या टोकाला राहणारा. त्याची बायको मासळी घेऊन बाजारात बसते. मी यादी उजवीकडे सोडली, चहा मागवला.

दहाच्या सुमारास वारं फिरलं. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, तिथे लाट उभी राहते. बोट परत आत येताना त्या लाटेने आडवी झाली आणि उलटली. जवळ दोन बोटी होत्या. एकीने चार जण उचलले आणि ती आमच्या धक्क्याला आली. दुसरी मुरुडची होती, तिने तिघांना उचललं आणि ती मुरुडला गेली. सगळ्यांचे फोन पाण्यात गेलेले. इथल्या चौघांना वाटलं, आठवा मुरुडच्या बोटीत आहे. तिथल्या तिघांना वाटलं, तो इकडे आहे. वरच्या ऑफिसने यादी उघडली, सात नावं. चार आणि तीन सात. यादी जुळली. शोधायला निघालेली बोट अर्ध्या वाटेतून माघारी बोलावली.

आमच्याकडे निरोप आला तो नुसता 'सगळे मिळाले' असा. आकडा कोणी सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. मी का विचारावं? माझी यादी आठांची होती, सगळे म्हणजे आठच. अध्यक्षांनी पेढे मागवले. मी एक खाल्ला. तो पेढा आठवला की अजून तोंड कडू होतं.

दीड वाजता आठव्याची बायको बाजारातून आली. टोपली डोक्यावरच होती. धक्क्यावर चौघे कांबळी पांघरून बसले होते, त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि मला म्हणाली, "माजा कुटं हाय?"

"मुरुडला असेल. तिकडे गेलेत बाकीचे."

"आसंल म्हंजे? फोन लावा."

मी मुरुडला फोन लावला. तिकडच्याने तीन नावं वाचली. मी म्हटलं, चौथं? तो म्हणाला, चौथं कुठलं, तिघेच आहेत. मी वरच्या ऑफिसला लावला. आठ आहेत, आठ, असं मी ओरडत होतो आणि तिकडचा माणूस शांतपणे म्हणत होता, साहेब, तुमच्याच यादीत सात आहेत. बाई माझ्या समोर उभी होती आणि फोनवरचा आवाज तिला ऐकू जात होता.

धक्क्यावरच्या होत्या नव्हत्या त्या बोटी सुटल्या. वरच्यांची बोटही पुन्हा निघाली. तो सापडला तो कोर्लईच्या अंगाला, डिझेलच्या रिकाम्या कॅनला उजवा हात कमरेच्या पट्ट्याने बांधून घेतलेला. शुद्धीत होता. दुपारी बाराच्या आसपास त्याने शोधणारी बोट लांबून पाहिली होती. ती वळून परत जाताना पाहिली होती. हे त्याने नंतर पोलिसांना सांगितलं, मी तिथेच होतो. डॉक्टर म्हणाले, खांद्याच्या शिरा गेल्या, तो हात आता डोक्याच्या वर जायचा नाही.

दुसऱ्या दिवशीच्या सभेत मी काय केलं ते लिहायला हवं. मी उभा राहिलो आणि सगळं खापर सूनबाईवर फोडलं. हे लिनक्सचं खूळ कोणी आणलं? फुकटच्या मालाच्या नादाला कोणी लावलं? विंडोजवर पाच वर्षांत एक तरी यादी चुकली का? लोक माझ्या बाजूने होते. तिच्या सासऱ्यांनीही मान खाली घातली होती. ती मागे उभी होती, कानात काही नव्हतं. ती पुढे आली, संगणक लोकांकडे वळवला आणि प्रोग्रामची नोंद उघडली. दोन महिन्यांतल्या सुधारलेल्या याद्या एकाखाली एक होत्या, आणि प्रत्येकीपुढे 'पाठवली नाही, आधीची ठेवली'.

"काका, हे आपोआप होत नाही," ती म्हणाली. "तो आधी विचारतो. नेहमी असंच कर, असं कोणीतरी सांगावं लागतं. या खुर्चीत तुम्हीच बसता."

मला तिचा त्या क्षणी जो राग आला तसा आयुष्यात कोणाचा आला नाही. ती खरं बोलत होती म्हणूनच आला असेल. मी पुसायच्या बटणाचं सांगितलं, वडिलांच्या वहीचं सांगितलं. जुनी माणसं माना हलवायला लागली. आपल्यात नाव पुसत न्हाईत, बरोबर हाय त्याचं, असं कोणीतरी म्हणालंही. मला जरा धीर आला.

तेव्हा दारात उभी असलेली आठव्याची बायको बोलली. तिला सभेत बोलवलेलं नव्हतं. ती हळूच बोलली.

"सात जनांची नावा पुसाय नकोत म्हनून तुमी हात आकडलात. व्हय, चांगला केलात. माज्या मानसाचा नाव तितं व्हतंच कुटं पुसायला?"

ती गेली. सभा संपली असं कोणी जाहीरही केलं नाही, लोक आपापले उठले. सूनबाईने संगणक पुन्हा माझ्याकडे वळवला आणि ती चौकोनातली खूण माझ्यासमोर काढली. मला वाटलं, आता ही चार शब्द ऐकवणार. तिने फक्त विचारलं, उद्या सकाळी किती वाजता येऊ? मी म्हटलं, सहाला. ती पावणेसहाला आली. आठ दिवस रोज आली. मी तिची माफी अजून मागितलेली नाही.

मला नोकरीवरून काढलं नाही. दुसरा कोण एवढ्या पहाटे उठून बसणार, हे त्यामागचं कारण, माझ्याबद्दलचं प्रेम नव्हे. प्रोग्राम तोच आहे, दोन खिडक्यांचा. प्रश्न येतो, पुसून टाकायची का? मी वाचतो आणि 'हो' दाबतो. दरवेळी वडिलांची वही आठवते. आठवू दे.

आठवा माणूस पुढच्या हंगामात पुन्हा बोटीवर गेला. जाळं ओढता येत नाही, सुकाणू धरतो आणि जेवण करतो. दुसरं काय करणार तो? बोट निघायच्या दिवशी पहाटे तो सोसायटीत येतो. माझ्याशी बोलत नाही, नमस्कार नाही, बस म्हटलं तर बसत नाही. माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहतो. मी डावीकडची यादी उघडायला गेलो की त्याचा डावा हात माझ्या खांद्यावरून पुढे येतो आणि त्याचं बोट पडद्यावर उजवीकडे टेकतं. म्हणजे, तिकडची उघड. मी वरच्या ऑफिसच्या मशीनवरची यादी उघडतो. त्याला वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचतो. त्याचं नाव आलं की तो जाईल असं मला सुरुवातीला वाटायचं. तो जात नाही. शेवटच्या माणसाचं नाव वाचून होईपर्यंत तो तिथे उभा असतो, मनात मोजत असतो, आणि आकडा जुळला की मगच धक्क्याकडे जातो.